प्रश्नावलीच्या गुणांवरून संशोधन सोडू नकोस

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्रात संशोधन करायची इच्छा आहे. ज्ञान आणि शिकणं यांबद्दलच्या समजुती तपासणारी एक प्रश्नावली आमच्याकडून भरून घेतली. ‘बुद्धी जन्मजातच असते’ आणि ‘समजायचं ते पटकन समजतं’ या दोन भागांत माझे गुण जास्त आले. मी संशोधनाला लायक नाही का? संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करू की नको?

उत्तर : अर्ज कर. ही प्रश्नावली लायकी ठरवण्यासाठी बनलेलीच नाही.

हार्वर्डच्या विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन 1970 मध्ये पुस्तक लिहिलं, तिथून ज्ञानाबद्दलच्या समजुतींच्या अभ्यासाला चालना मिळाली. मुलाखतींना वेळ फार लागतो. पुढे 1990 मध्ये मार्लीन शॉमर यांनी 63 विधानांची प्रश्नावली मांडली. त्यांना पाच प्रकारच्या समजुती अपेक्षित होत्या, उत्तरांतून चारच गट स्पष्ट झाले. नंतरच्या अभ्यासांत तेही गट दरवेळी तसेच आले नाहीत. खूप विद्यार्थ्यांचा एकत्रित कल पाहायला असं साधन चालतं. एका मुलीच्या भवितव्याचा निकाल त्यावर लावणं मला अजिबात मान्य नाही.

शिवाय, विधानं वाचताना तुझ्या डोळ्यांसमोर कोणता विषय होता? गणितात उत्तर एकच असतं असं मानणारी व्यक्ती इतिहासाबद्दल वेगळा विचार करू शकते. म्हणून तर विषयवार प्रश्नावल्या आल्या. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नावलीत 42 विधानं आहेत आणि विद्यार्थ्यांची उत्तरं भौतिकशास्त्रज्ञांच्या उत्तरांशी ताडून पाहतात. महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा सुरुवातीचा अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थी तज्ज्ञांच्या मतांपासून आणखी दूर गेले, असं अनेक ठिकाणी दिसलं! म्हणजे या समजुती शिकवण्याच्या पद्धतीनंही घडतात. नुसती सूत्रं घालून पटापट उदाहरणं सोडवायला लावली, तर ‘पटकन येतं तेच खरं’ असं कुणालाही वाटेल.

तरी ‘पटकन समजतं’ या भागातल्या गुणांकडे दुर्लक्ष करू नकोस. संशोधनात एकाच प्रश्नावर महिनोन्महिने अडकून राहावं लागतं. एखादं गणित तासभर सुटलं नाही की तू काय करतेस? वही मिटतेस, की दुसऱ्या वाटेनं जाऊन बघतेस? एक अवघड प्रश्न घे, आठवडाभर त्याच्याशी झट आणि कुठे अडलीस ते रोज लिहून ठेव. मग ती वही घेऊन तुझ्या शिक्षकांशी बोल. अर्ज मात्र आधी भरून टाक, त्यासाठी आठवडा संपायची वाट पाहू नकोस.