प्रार्थनेचा नेम वारंवार मोडत असेल तर

ताई, बाप्तिस्मा घेऊन सहा महिने झाले, घरात दुसरे कोणी विश्वासात नाही, एका खोलीत पाच माणसे आणि त्यात शिफ्टची नोकरी, त्यामुळे प्रार्थनेचा नेम मोडतो आणि मोडला की देव आपल्यावर नाराज झाला असे वाटते, असे आपण लिहिले आहे. विश्वासात मला बावीस वर्षे झाली. पहिल्या वर्षी माझी अवस्थाही हीच होती.

नेम मोडतो तो बहुधा फार मोठा धरल्यामुळे. रोज एक तास प्रार्थना आणि वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, असे ठरवून मी लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत पोहोचलो आणि थांबलो. तेव्हा आमच्या पाळकांनी निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय माझ्यासमोर उघडून ठेवला. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा सोडला, तर सकाळपर्यंत राखून ठेवलेल्यात किडे पडत. रोज पहाटे भांडे घेऊन बाहेर पडणे ही त्यांची शिस्त होती, आणि रात्री त्याच रिकाम्या भांड्याशेजारी निवांत झोपणे हा त्यांचा भरवसा. म्हणून चुकलेल्या दिवसाची थकबाकी दुसऱ्या दिवशी भरू नका. मार्कचे शुभवर्तमान 16 अध्यायांचे आहे. त्यातली रोजची दहा-बारा वचने सावकाश वाचा आणि शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा, एवढे सध्या पुरे.

प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांत स्थळी प्रार्थनेला गेला, असे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण चाळीत एकांत कुठून आणायचा? मी भांडुपला राहत असताना वीस मिनिटे आधी स्टेशनवर जाऊन फलाटाच्या नाहूरकडच्या टोकाला, शेवटच्या बाकावर बसत असे. शिफ्ट बदलली की वेळ बदले, बाक मात्र तोच राहिला. आपल्यालाही घड्याळापेक्षा जागा ठरवून घेणे सोपे जाईल.

एक वही ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि विनंती लिहा, उजवे पान कोरे सोडा. नोकरीसाठी केलेल्या विनंतीसमोर मला चार महिन्यांनी उत्तर लिहिता आले. आईच्या आजारपणासमोर मात्र तिच्या मृत्यूची तारीख लिहावी लागली. असे का झाले, हे मला आजही उलगडलेले नाही. त्या दिवसांत मी केवळ तेरावे स्तोत्र वाचत असे, कारण त्याची सुरुवातच ‘परमेश्वरा, कुठवर?’ अशी विचारणा करण्याने होते. देवाला असे विचारणाऱ्या माणसाचे शब्द जर शास्त्रात जपून ठेवले आहेत, तर एक सकाळ चुकल्याने तो आपल्याकडे पाठ फिरवील, असे मला वाटत नाही.

घरच्यांना पटवण्याची घाई करू नका. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली वर्षे त्या संसाराला सोपी नव्हती. त्यापेक्षा पहाटे नळाला पाणी आले की आपल्या आईच्या आधी उठून हंडे भरा.

आणि येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच निघू नका. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना गाठून, ‘दर बुधवारी मला फोन करून नेमाविषयी विचाराल का?’ एवढे विचारा.