रेड अलर्ट, भोंगा आणि जगबुडीची पातळी

प्रश्न : खेडच्या बाजारपेठेत खाली आमचे दुकान आणि वर घर आहे. कधी जिल्ह्याला ‘रेड अलर्ट’ असल्याचा संदेश येतो आणि दिवसभर ऊन पडते. कधी भोंगा वाजतो, पण मोबाइलवर काहीच आलेले नसते. विसंबावे कशावर? शिवाय आवाज बंद असूनही माझा फोन इशाऱ्याच्या वेळी कर्कश वाजला, आईचा साधा फोन मात्र गप्प राहिला, असे का?
— एक वाचक, खेड

उत्तर : हे दोन्ही इशारे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. हवामान विभागाचा रंग हा पावसाचा अंदाज असून तो संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता दिसली की साधारणपणे लाल रंग दिला जातो. आपला रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत लांबलचक असल्याने राजापुरात पाऊस कोसळत असताना खेडात उघडीप असली, म्हणून अंदाज चुकला असे होत नाही.

भोंगा वाजतो तो नदीचे पाणी पाहून. खेडच्या जगबुडी नदीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोका पातळी 7 मीटर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर रात्रभर पडलेला पाऊस खाली उतरतो, तेव्हा बाजारपेठेत थेंब नसला तरी नदी फुगते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर पाणी ओसरायला वेळ लागतो. म्हणून लाल रंग दिसला की खालच्या फळीवरचा माल वर चढवावा आणि गाडी उंचावर नेऊन ठेवावी; भोंगा झाल्यावर मालाच्या मागे न लागता आधी माणसे हलवावीत.

फोनचे म्हणाल तर साधा एसएमएस एकेका क्रमांकाला जातो व गर्दीत रखडतो. देशभर 2023 मध्ये चाचणी झालेल्या ‘सेल ब्रॉडकास्ट’मध्ये मोबाइलचा टॉवर आपल्या टप्प्यातील सर्व फोनना एकाच वेळी संदेश देतो आणि आवाज बंद असलेला फोनही वाजू शकतो, बऱ्याच जुन्या साध्या फोनमध्ये मात्र ही सोय नसते. अर्थात टॉवरच बंद पडला तर हा उपायही खुंटतो. चिपळूणच्या 22 जुलै 2021 च्या महापुरात वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही कोलमडल्या होत्या. तेव्हा भोंग्याला जुनाट समजू नये. वीज गेल्यावर तो कशावर चालेल, हे पावसाळ्यापूर्वी नगरपरिषदेला लेखी विचारावे. आईंच्या फोनमध्ये जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक साठवून द्यावा.