केशरी कार्ड होतं, तरी पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या लेकीचं बाळ १८ दिवसांचं असताना एकदम दूध ओढेना झालं, अंग गार पडलं, आम्ही तसंच उचलून शहरात खाजगीत नेलं. रक्तात इन्फेक्शन झालंय म्हणाले, १२ दिवस काचेत ठेवलं. बिल २ लाख ६५ हजार. माझ्या पाटल्या गहाण टाकल्या, जावयांनी उसने आणले. बाळ आता छान आहे. पण एवढं बिल होतं कशानं आणि केशरी कार्ड असून उपयोग का झाला नाही, आमचं कुठं चुकलं?
– एक आजी, कोरेगाव तालुका

उत्तर : आजी, तुमचं काही चुकलेलं नाही हो. एवढ्याशा बाळाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडतं, आणि बऱ्याच घरात तेव्हाच "सकाळी बघू" म्हणतात. तुम्ही थांबला नाहीत, म्हणून बाळ आज मांडीवर आहे.

आता बिलाचं. इंजेक्शनं महाग असतात हे खरं, पण बिल फुगतं ते दिवसांनी. रक्ताचं कल्चर लावलं की जंतू कळायला दोन-तीन दिवस जातात, तोवर डॉक्टरांना थांबता येत नाही, अंदाजानं औषध सुरू करावं लागतं आणि आपल्याकडे नवजात बाळांमध्ये साध्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू फार सापडतात म्हणून मग मेरोपेनेमसारखं भारी औषध येतं. रक्तातल्या इन्फेक्शनला, म्हणजे सेप्सिसला, ७ ते १४ दिवस शिरेतून औषध, मेंदूपर्यंत गेलं तर कधी २१ दिवस, आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाला बेड, ऑक्सिजन, तपासण्या, व्हिजिट वेगळे लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना नीट विचारायचं, कल्चर आलं का, हलकं औषध चालेल का, याच औषधाचं स्वस्त जेनेरिक आहे का. विचारल्यानं कुणी रागवत नाही.

कार्डाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या कार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती कॅशलेस आहे, म्हणजे पैसे थेट हॉस्पिटलला जातात, आपण भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही, आणि ती यादीतल्या हॉस्पिटलातच चालते, त्यामुळे ॲडमिट असतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठावं लागतं. बाळाचं नाव कार्डावर नाही म्हणून मागं फिरू नका, आईवडिलांचं कार्ड आणि जन्माचा कागद घेऊन जा.

मी कितीतरी वर्षं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात काम केलं. लोक माझ्याकडे यायचे ते डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात घेऊन, तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसायचं. पहिल्या दिवशी आले असते तर, असं आजही वाटतं.

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा गरिबांना मोफत (वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत) ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात काढून ठेवाच, ऐनवेळी तो मिळत नाही. तुमचं हॉस्पिटल ट्रस्टचं होतं का ते बघा, असेल तर तपशीलवार बिल घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात अर्ज द्या.

आणि सरकारीला नाक मुरडू नका. जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू, म्हणजे खास उपचार कक्ष, असतं, वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारीत औषध, तपासणी, नेण्याआणण्याची गाडी सगळं फुकट आहे. फक्त बाळ व्हेंटिलेटरवर असेल तर आपल्या मनानं हलवायचं नाही, आधी दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं झालं पाहिजे.

बाळ दीड महिन्याचं झालं की उपकेंद्रात न्या. न्यूमोनियाच्या जंतूची पीसीव्ही लस, जिला खाजगीत एका डोसला हजारो रुपये पडतात, तीच २०२१ पासून सरकारीत मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या आणि टोचण्याआधी नर्सताईंना दाखवा.