तीन जाड, एकट्या मैत्रिणींच्या प्रेमशोधावर विनोदी कादंबरी लिहिताना त्यांची टवाळी होऊ नये म्हणून काय करावे?

आपण प्रश्नात लिहिले आहे की तिशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि अंगाने जाड अशा तीन मैत्रिणी जोडीदार शोधत आहेत, त्यांच्यावर आपण विनोदी कादंबरी लिहीत आहात, आणि पहिली तीन प्रकरणे वाचून आपल्या बहिणीने ‘हसू आले, पण नंतर हसल्याची लाज वाटली’ असा अभिप्राय दिला. शेवटी तिघींपैकी निदान एकीने वजन उतरवलेले दाखवावे का, असेही आपण विचारले आहे.

मी स्वतः जाड आहे आणि विनोदी कथा लिहिते, त्यामुळे हे उत्तर तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. माझ्या पहिल्याच कथेत नायिका बसताच खुर्ची मोडते, असा प्रसंग मी मोठ्या हौसेने घातला होता. कथा वाचून दाखवली तेव्हा त्या जागी हशा पिकला. पण घरी परतताना माझ्या लक्षात आले की त्या प्रसंगात बाईला स्वतःचे असे काही कामच नव्हते. तिच्या जागी धान्याचे पोते ठेवले असते, तरी खुर्ची तितक्याच तत्परतेने मोडली असती. तेव्हापासून मी प्रत्येक विनोदाला ही पोत्याची कसोटी लावते: पात्र काढून तिथे पोते ठेवले तरी विनोद टिकत असेल, तर तो विनोद त्या पात्राचा नाही. आपली तीन प्रकरणे या कसोटीवर घासून पाहावीत. बहिणीला वाटलेल्या लाजेचे मूळ तिथे सापडण्याची शक्यता बरीच आहे.

शेक्सपिअरच्या दोन नाटकांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मधला फॉल्स्टाफ अवाढव्य देहाचा आहे, आणि तो दोन विवाहित स्त्रियांना एकाच मजकुराची प्रेमपत्रे पाठवतो, पुढे त्याला मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपावे लागते आणि टोपलीसकट नदीकाठी नेऊन पाण्यात फेकले जाते. टोपली जड आहे हे गमतीचेच, पण हसू फुटते ते दोघीही आपल्यावर भाळल्या आहेत या त्याच्या ठाम समजुतीमुळे आणि त्या प्रेमामागे दडलेल्या पैशाच्या लोभामुळे. पोत्याला असली समजूत असत नाही. उलट ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’च्या तिसऱ्या अंकात एक नोकर आपल्या मागे लागलेल्या जाड स्वयंपाकिणीचे वर्णन करताना तिला पृथ्वीगोलाची उपमा देतो आणि तिच्या अंगावर कोणता देश कुठे आहे हे धन्याला सांगत सुटतो. हे वर्णन चालू असताना ती रंगमंचावर नाही. दोन जुळ्या नोकरांपैकी भलत्यालाच आपला माणूस समजून त्याच्यावर हक्क सांगणे हा खरे तर पहिल्या प्रतीचा विनोदी ऐवज. पण त्या दृश्यात तिची बाजू कोणी मांडत नाही, कारण मालक आणि नोकर भूगोलात गुंतलेले आहेत. जाड पुरुषाला इच्छा, कावा आणि स्वगते मिळाली. जाड बाईला नकाशा मिळाला.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचा उगम शृंगारातून सांगितला आहे, आणि शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य असेही तिथे म्हटले आहे. प्रेम शोधणाऱ्या माणसाचे हसे होते ते प्रेमात शोभून दिसण्याच्या धडपडीमुळे, आणि ही धडपड किरकोळ अंगाच्या माणसालाही चुकलेली नाही. आपल्या नायिकांच्या वाट्याला ती थोडी अधिक नियोजनासह येते, एवढेच. (त्याच ग्रंथात हा रस मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी दिसतो असेही वचन आहे, त्यावर मी इथे भांडत बसत नाही.)

आता त्या नियोजनाविषयी सविस्तर लिहिते, कारण आपल्या कादंबरीचे खरे भांडवल तेच आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सहसा दिसत नाही. जाड व्यक्ती अनोळखी खोलीत शिरते तेव्हा ती आधी माणसे पाहत नाही, खुर्च्या पाहते: हात असलेल्या किती, बिनहातांच्या किती, प्लास्टिकच्या किती आणि भिंतीला टेकलेला बाक आहे का. छायाचित्र काढताना कोणाच्या मागे अर्धे उभे राहायचे हे तिचे ठरलेले असते. ‘फ्री साइज’ अशी चिठ्ठी लावलेला कपडा पाहून तिला जे हसू येते, ते इतरांना समजावून सांगावे लागते. या सगळ्यात ती दयनीय नसते. ती सेनापती असते, आणि सेनापतीची योजना फसणे हा विनोदाचा जुना, भरवशाचा मार्ग आहे.

उदाहरणादाखल एक प्रसंग देते. आपल्या नायिकांपैकी एक पहिल्या भेटीसाठी कॅफेत अर्धा तास आधी पोहोचते, कारण तिला बिनहाताची खुर्ची पटकावून, तो येण्यापूर्वी टेबलामागे व्यवस्थित स्थानापन्न व्हायचे आहे. पाहते तो गृहस्थ आधीच येऊन बसलेला. तोही त्याच हेतूने लवकर आला आहे, कारण डेटिंग ॲपवर स्वतःची माहिती देताना त्याने उंची चार इंच वाढवून लिहिली आहे आणि त्याला उभे असलेले दिसायचे नाही. तो स्वागताला उठत नाही. ती त्याला उद्धट ठरवते आणि नाइलाजाने हाताच्या खुर्चीत स्वतःला बसवते. नंतर गप्पा अनपेक्षितपणे रंगतात, पण दोघांपैकी कोणीही आधी उठायला तयार नाही: तिला खुर्चीसकट उठण्याची भीती, त्याला उंची उघडी पडण्याची. तीन तास जातात, दिवे मालवायला सुरुवात होते, आणि पाठीमागच्या टेबलावर मासिकाआड लपलेल्या दोन मैत्रिणी ‘एवढा वेळ बसली म्हणजे जमले’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढून निघून जातात. या प्रसंगात तिचे वजन पानोपानी आहे, पण कोणी त्याचा उच्चारही केलेला नाही. आणि खुर्ची शेवटपर्यंत शाबूत आहे.

तिघी एकसारख्या जाड असू नयेत, हे मात्र आवर्जून सांगते. एक लहानपणापासून तशी असेल, एक गेल्या चार वर्षांत झाली असेल आणि अजून जुने कपडे जपून ठेवत असेल, आणि तिसरीला हा प्रश्नच वाटत नसेल, ज्याचा उरलेल्या दोघींना मनस्वी राग येत असेल. तिघींतली सर्वांत हलकी जी असेल तिच्या मनात इतर दोघींपेक्षा चार किलो कमी असल्याचा एक छुपा अभिमान असतो, आणि तो नेमक्या भांडणाच्या वेळी बाहेर पडतो. शब्दही वाटून द्यावेत. ‘जाड’, ‘लठ्ठ’, ‘स्थूल’, ‘सुदृढ’ आणि ‘अंगाने भरलेली’ हे पाच शब्द मराठीत एकाच देहाला लावता येतात, परंतु कोणता शब्द कोण उच्चारतो यावर मैत्री, सासर आणि वैद्यकशास्त्र वेगळे ओळखता येते. एकीची ओळख डेटिंग ॲपवर तिघींनी मिळून लिहिण्याचा प्रसंग घालून त्या एका विशेषणावर रात्री दोनपर्यंत वाद चालवावा; निवेदकाने स्वतः मात्र ‘जाड’ हा साधा शब्द धरून चालावे आणि उपमांपासून दूर राहावे. आपल्या पहिल्या प्रकरणात हत्ती असेल, तर तो आजच काढून टाकावा.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. हेलन फील्डिंग यांच्या 1996 च्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’मध्ये नायिका रोज वजन नोंदवते, आणि पहिल्या नोंदीतला आकडा सुमारे साडेअठ्ठावन्न किलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 25 झाला की वजन जास्त आणि 30 झाला की लठ्ठपणा मानतात. या हिशेबाने साडेअठ्ठावन्न किलोंची व्यक्ती पाच फूट एक इंच उंच असली, तरी ती जादा वजनाच्या वर्गात मोडत नाही. तिथला विनोद मोजण्याच्या खोडीवर आहे, शरीरावर नाही. आपल्या नायिका खरोखरच जाड असल्याने आकडा दिला की वाचक लगेच आपला आकडा शेजारी मांडून पाहतो आणि कथेतून उठून जातो. मी आकडा देत नाही.

शेवटाविषयी माझे मत ठाम आहे: वजन उतरवू नये. उतरवलेत, तर आधीची तीनशे पाने प्रतीक्षालय ठरतात, आणि त्यात भेटलेला प्रत्येक पुरुष ‘अजून वेळ आहे’ एवढेच सांगायला आला होता असे होते. टेरी मॅकमिलन यांच्या 1992 च्या ‘वेटिंग टु एक्सहेल’मध्ये चार मैत्रिणींपैकी जाड असलेल्या ग्लोरियाला समोर राहायला आलेला माणूस आवडू लागतो, आणि त्यासाठी ती आधी बारीक होत नाही. याच्या उलट टोकाचा शेवटही टाळावा, म्हणजे ‘तू अशी असूनही मला आवडतेस’ असे म्हणणारा उदार नायक. त्या ‘असूनही’वर माझ्या माहितीतल्या कोणत्याही जाड बाईने त्याला दाराबाहेर काढले असते. हे वाक्य आपल्याला वापरायचेच असेल, तर ते कॅफेतल्या त्या बुटक्या गृहस्थाबद्दल नायिकेच्या तोंडी घालावे, आणि तो काय करतो ते पाहावे.