८५व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली

"मॅडम, मशीनने मला मध्येच हाकललं." खुर्चीत टेकायच्या आधीच तिने सांगून टाकलं. आयसीयूत नऊ वर्षं काढलेली सिस्टर (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत), अमेरिकेत नर्सिंगसाठी लागणारी एनक्लेक्स देऊन आलेली. ८५ प्रश्नांवर परीक्षा संपली. मैत्रिणीला १५० आले आणि ती पास झाली. "म्हणजे मी गेले ना? निम्म्या उत्तरांची तर खात्रीच नव्हती."

ही शंका घेऊन येणारी ती पहिली नव्हे. '८५ला बंद म्हणजे पास' अशी उलटी अफवाही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतेच.

मी तिला कानाच्या तपासणीची आठवण करून दिली. आवाज ऐकू आला की १० डेसिबलने उतरवायचा, नाही आला की ५ने चढवायचा. चांगल्या कानाच्या पेशंटलाही बाहेर पडताना वाटतं, बरंचसं ऐकूच आलं नाही. वाटणारच, तपासणी मुद्दाम काठावर चालते. एनक्लेक्सचंही तसंच. जिथे उत्तर बरोबर यायची शक्यता निम्मी-निम्मी, तिथलेच प्रश्न ती काढते. हुशार मुलगीही अडखळतच बाहेर येते.

आता थांबण्याचं. ८५च्या आत कॉम्प्युटर निकाल ठरवतच नाही (त्यातले १५ तर मोजतही नाहीत). त्यानंतर प्रत्येक उत्तराला तो एवढंच बघतो, ही पासच्या रेषेच्या वर की खाली, हे ९५ टक्के खात्रीने सांगता येतंय का? आलं, की बंद. रेषेला खेटून असणाऱ्यांना तो १५०पर्यंत, नाहीतर पाच तास संपेपर्यंत बसवून ठेवतो.

"मग मी वर की खाली?"

"ते मला कसं कळणार?" 'पास होशील गं' म्हणायचा मोह झाला होता, पण आवरला.

तिने पर्समधून वही काढली. तीन रात्री जागून, आठवतील ते विषय लिहून, पुस्तकांत उत्तरं शोधली होती. ३१ ओळी, त्यातल्या २२ लाल.

"बाकीचे ५४ कुठे?"

"ते आठवत नाहीत."

"का?"

ती थांबली. "पटापट गेले असतील."

वही पर्समध्ये परत गेली. जरा वेळाने तिने विचारलं, "आज नाइट आहे. जाऊ ना?"