वाचकांचे प्रश्न : कळतं, पण वळत का नाही?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. गळीत हंगामात गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. तपासणीत बऱ्याच जणांचा बीपी वाढलेला निघतो. चिठ्ठी दिली तरी दवाखान्यात येत नाहीत. आलेच तर महिनाभरात गोळ्या सोडतात. लकवा मारेल अशी भीतीही घालून झाली. आता काय करू?

उत्तर : ताई, भीती घालणं आधी थांबवा. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे असाच पेच होता. क्षयरोगासाठी फुकट एक्स-रे काढून मिळत होता, तरी लोक फिरकत नव्हते. हॉकबाउम, रोझेनस्टॉक या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला आणि त्यातून आरोग्यविषयक समजुतींचा सिद्धान्त उभा राहिला. माणूस मनात हिशेब मांडतो: हे मला होईल का, झालं तर किती वाईट, उपायाचा फायदा किती, आणि त्यापायी माझं काय मोडणार? शिवाय आठवण करून देणारं काहीतरी लागतं. ‘हे मला जमेल’ ही खात्री या यादीत पुढे, 1988 साली आली.

तुम्ही सगळा जोर ‘किती वाईट’ यावर दिलात. कोपीवरच्या बाईचं घोडं अडलंय ‘काय मोडणार’ यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं खाडा केला की दोघांची तोड घटते, आणि मुकादमाची उचल तर फेडायचीच असते. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग दवाखाना कशाला? तिच्या जागी बसून पाहिलं तर हा हिशेब चोख आहे. त्याला अडाणीपणा म्हणू नका.

म्हणून संध्याकाळी, फडावरून माणसं परतल्यावर जा आणि एकच विचारा: ‘गोळी घ्यायची म्हटलं तर अडतं कुठं?’ विचारून गप्प बसा. ‘पाय सुजतात’ असं कुणी म्हणालं, तर गोळी अमलोडिपिन आहे का पाहा. ही सूज त्या औषधाची माहीत असलेली तक्रार आहे आणि डॉक्टर डोस कमी करून किंवा औषध बदलून मार्ग काढतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तर सूज दिसल्यावर माणूस गोळी फेकत नाही, तुम्हाला येऊन सांगतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीचं दुखणं निराळं. फडात बाईला आडोसा नसतो. ती बोलत नाही, गुपचूप गोळी सोडते, वर पाणीही तोडते, आणि उन्हात तेच अंगाशी येतं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘फडात काम, लघवीची सोय नाही’ असं ठळक लिहून द्या, म्हणजे डॉक्टरांना औषध निवडताना त्याचा विचार करता येईल. अंगदुखीच्या गोळ्यांचं मात्र खोदून विचारावं लागतं, कारण त्यांना कुणी औषध समजतच नाही. डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज पोटात गेली तर बीपी चढतो आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावरही ताण येतो.

आठवणीसाठी रोज हमखास घडणारी एक गोष्ट धरा: ‘चहाचं पातेलं चुलीवर चढलं, की गोळी.’ अमलोडिपिन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी घेतली की झालं. पहाटेची वेळही चालते. गोळ्या पाकिटासकट झाकणाच्या डब्यात, चुलीच्या धगीपासून दूर आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा ठेवायला सांगा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. हंगाम संपताना औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटचे दोन बीपी लिहिलेली चिठ्ठी आधार कार्डाच्या पिशवीतच घालून द्या. गावी परतल्यावर औषध तुटतं ते इथेच.

बीपी मोजताना घाई नको. मोळी वाहून आलेल्या माणसाचा आकडा चढाच येणार. पुढे दवाखान्यात तो कमी निघाला, की ‘ताईचं मशीन खोटं’ ही बातमी सगळ्या कोप्यांवर पसरते. 5 मिनिटं बसवा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर आला, तर तो बीपी खरा. 180/120 च्या वर असेल आणि छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काही असेल, तर तिथूनच 108 ला फोन करा.

प्रश्न : सासरे 62 वर्षांचे, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.4 टक्के. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतात. मी त्यांचा भात बंद केला तर घरात भांडण झालं. (एक सूनबाई, कराड)

उत्तर : प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये बदलाचे टप्पे मांडले. तुमचे सासरे पहिल्या टप्प्यावर आहेत, म्हणजे बदलाचा विचारच मनात नाही. तुम्ही एकदम चौथ्या टप्प्यावरचं काम, प्रत्यक्ष बदल, त्यांच्या ताटात वाढलंत. टप्पे म्हणजे पायऱ्या नव्हेत, माणूस मागेही येतो, आणि टप्पा पाहून दिलेला सल्ला दर वेळी सरस ठरतो असंही नाही. पण कुठून बोलायला लागावं, हे यातून नक्की कळतं.

निवांत वेळी विचारा, ‘मामा, साखरेसाठी काही करावं असं 0 ते 10 मध्ये कितपत वाटतं?’ ते 3 म्हणाले तर ‘एवढंच?’ असं म्हणू नका. ‘शून्य का नाही म्हणालात?’ असं विचारा. मग कारणं ते स्वतःच्या तोंडानं सांगतात. स्वतःचं कारण माणसाला पटतं, सुनेचं पटेलच असं नाही.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. ते ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर जेवण अचानक तोडू नका, साखर घसरते. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि त्या वेळची रक्तातली साखर 70 (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल, तर शुद्धीत असताना 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. भाताऐवजी भाकरी म्हणजे सूट नव्हे. 60 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. भात निम्मा करून ताटात उसळ आणि पालेभाजी वाढवली, तर ‘बंद’ हा शब्द उच्चारावाच लागत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटात सहा जणींना साखर आहे. एकत्र काही करता येईल? (जत)

उत्तर : जरूर. बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘मला जमेल’ या खात्रीची मुळं दाखवली. सगळ्यांत घट्ट मूळ म्हणजे स्वतः केलेलं छोटं काम, त्याखालोखाल आपल्यासारखीला जमलेलं पाहणं. म्हणून बाहेरचा व्याख्याता शोधण्याआधी गटातल्याच जिची साखर आटोक्यात आली, तिला ती काय शिजवते ते सांगू द्या. आकडे मोठ्यानं वाचू नका, जिचा वाढला ती पुढच्या बैठकीला येत नाही. पहिल्या आठवड्याचं काम एकच ठेवा: रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळव्याखाली आरसा धरून चीर, फोड, काळा डाग पाहायचा. सापडला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना, दुखत नसला तरी.