बंदराचं डिजिटलीकरण: सॉफ्टवेअरआधी कायदा बघा

नव्याने या कामात आला असाल तर सॉफ्टवेअरच्या डेमोआधी कायदा वाचा. सागरी वाहतुकीची कागदपत्रं सोपी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय फाल (FAL) करारानुसार १ जानेवारी २०२४ पासून सदस्य देशांना जहाजाच्या आगमन-निर्गमनाची माहिती एकाच डिजिटल खिडकीतून घ्यावी लागते. तुमची यंत्रणा तिला जोडता येते का, ते आधी पाहा.

खरी गुंतागुंत बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनी माल घेतल्यावर देते त्या पावतीची. मूळ कागद ज्याच्या हातात, माल मागण्याचा हक्क त्याचा. फाइलच्या मात्र हव्या तितक्या प्रती निघतात. म्हणून अनसिट्रलच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या) २०१७ च्या नमुना कायद्याने अशा इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांसाठी ताब्याऐवजी ‘नियंत्रण’ ही कसोटी ठेवली. ब्रिटनने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारी कागदपत्रांसाठी स्वतःचा कायदा केला. जिथे असा कायदा नाही तिथे सगळी भिस्त डिजिटल बिल हाताळणाऱ्या प्लॅटफॉर्मच्या करारावर, आणि तो सही न केलेल्याला बांधत नाही. बिलाच्या तारणावर पैसे देणाऱ्या बँकेला असं डिजिटल बिल चालेल का, हे आधीच विचारा.

करारात जबाबदारी स्पष्ट लिहून घ्या. गेटवरच्या कॅमेऱ्याने कंटेनर नंबरातला एक अंक चुकीचा वाचला आणि भलताच कंटेनर बाहेर गेला, तर भरपाई कोणाची? सर्व्हर बंद पडला तर डिमरेज (उशिराचा आकार) कोणाच्या माथी? विक्रेते इथे हमखास मोघम बोलतात. ऐकून घेऊ नका. नोंदी कोणाला बदलता येतात, तेही लेखी घ्या. वादात पुरावा म्हणून त्याच लागतात.